पुदिन्याचे दोन थेंब

सेंट-अडेल, मेन
४ मार्च २०१९

प्रिय फ्लोरीन,

तुझ्या वकीलबाईंचं, मिस विन्सलोंचं पत्र आलं. आत तुझं नाव वाचलं आणि हातातला चहा ओट्यावर ठेवावा लागला. चाळीस वर्षांत तुझं नाव मी फक्त प्रार्थनेत घेतलं आहे. कागदावर छापलेलं पाहायची सवय नव्हती.

त्यांनी सगळं नीट लिहिलं आहे. तुझ्या मरीसला डिसेंबरात पुन्हा त्या नशेच्या गोळ्यांपायी पकडून नेलं. तिची जोसी, आठ वर्षांची, बँगरमध्ये परक्या घरात आहे. नवऱ्याच्या खुनाची नोंद ज्या बाईच्या नावावर आहे तिच्या हाती सरकार मूल देत नाही, मग ती सख्खी आजी का असेना. म्हणून तू क्षमेचा अर्ज केला आहेस. मंडळ १६ मेला बसणार आहे. तुझ्या नवऱ्याच्या, रेआलच्या शेवटच्या तीन दिवसांत त्याची मलमपट्टी मी केली होती, तेव्हा मला आठवतं ते मी लिहून द्यावं.

त्यांचा एक प्रश्न असा आहे: ‘त्या काळी नर्सा घाण वास कसा सहन करत असत, हे मंडळाला समजेल असं लिहा.’ कारण कोर्टात मी म्हणाले होते की मला वास आला नाही. हे वाचून तू हसली असशील. मी त्यांच्यासाठी लिहायला बसले, पण ‘माननीय सदस्यहो’ लिहून हात थांबला. तुला लिहिते आहे. यातलं काय त्यांना द्यायचं ते नंतर बघू.

मी हॉस्पिटलात लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात आर्मांद दुबेला आणलं. बटाटे काढायच्या यंत्रात त्याचा हात गेला होता आणि बायकोने तो चार दिवस फडक्यात गुंडाळून ठेवला होता, हंगाम बुडू नये म्हणून. मी फडकं सोडलं आणि भांडी धुवायच्या खोलीत जाऊन ओकले. वॉर्डाच्या नन, सिस्टर क्लेमांस, मागून आल्या. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी माझी मानगूट धरली, नळाखाली तोंड घातलं आणि म्हणाल्या, “ओकायचं ते ड्यूटी संपल्यावर. तो तुझ्या तोंडाकडे बघतोय. तू नाक मुरडलंस की त्याला कळतं, आपण मेलो.”

पुढे त्यांनीच शिकवलं. तोंडाने श्वास घ्यायचा नाही. घेतला तर वास जिभेवर बसतो आणि रात्री वाटाण्याच्या सुपातही तोच लागतो. पलंगाखाली कॉफीचा चोथा ताटलीत पसरून ठेवायचा. संत्र्याच्या साली खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर टाकायच्या. नव्या पोरी नाकाखाली व्हिक्स चोपडत, त्यांना सिस्टर म्हणत, “शाबास, चोराला दारच उघडून दिलंत.” व्हिक्सने नाक आणखी मोकळं होतं ना. त्यापेक्षा पुदिन्याचं तेल बरं. औषधांच्या कपाटात तपकिरी बाटली असे. तोंडावरच्या फडक्याला आतून एक थेंब. फारच वाईट जखम असेल तर दोन. दहा मिनिटं काढली की नाक आपोआप थकतं. ती दहा मिनिटं शुद्धिस्थानात अडकलेल्या आत्म्यांना अर्पण करायची, म्हणजे ते लवकर स्वर्गात जातात. “आज तू तिघांना वर पाठवलंस,” सिस्टर मला म्हणायच्या, बाजारहाटाचा हिशेब सांगावा तसं. घरी आले की मी मागच्या पडवीत कपडे उतरवायची आणि व्हिनेगरने केस धुवायची. तू पाणी ओतायचीस. आठवतं? तू अकरावीत होतीस. “लेओ, आज कोण सडलं गं?” असं विचारायचीस आणि आई आतून ओरडायची.

वासापेक्षा अपमान वाईट होता. म्हातारा तेओद्यूल दारू उतरली की शौचाचं भांडं फेकायचा, भरलेलं. एकदा माझ्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात अर्धा तुटला. माझ्या पापण्यांवरून ते ओघळत होतं आणि तो हसत होता. माणसाला मारावंसं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी तोंड धुतलं आणि मग त्याला पुसलं, बोटांच्या मधल्या जागासुद्धा. सिस्टर दारातून बघत होत्या. संध्याकाळी माझ्या ताटात त्यांच्या वाटचा मांसाचा तुकडा होता.

बाकी पुढच्या पत्रात. तुला हे वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण परत पाठवू नकोस.

लेओना


सेंट-अडेल
१९ मार्च

प्रिय फ्लोरीन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे निदान तुझ्या कचऱ्याच्या डब्यात तरी आहे.

आता त्या सप्टेंबरचं. शाळांना तीन आठवडे बटाट्याची सुट्टी होती आणि अख्खं खोरं शेतात होतं, निम्म्या नर्सासुद्धा. बटाटे वेचून पिंपामागे मिळणारे पैसे पगारापेक्षा बरे होते. त्यामुळे खालचा वॉर्ड सलग तीन दिवस माझ्या एकटीवर होता. कोर्टात वकिलाने विचारलं, मेव्हण्याची शुश्रूषा तुम्हालाच कशी दिली? तो पोर्टलंडहून आला होता. त्याला काय सांगणार? आमच्याकडे नातलग वगळायचे म्हटलं तर वॉर्ड रिकामा करावा लागला असता.

बुधवारी संध्याकाळी रेआलला आणलं. डाव्या मांडीत तीन भोकं, बटाटे उकरायच्या आकड्याच्या दातांची. चौथा दात वाकला होता म्हणून तीन. वेचणारी माणसं ट्रकमागून आली होती. त्यांनीच सांगितलं की त्याने तुला केसांना धरून दोन सरींमधून फरफटत नेलं, पिंपावर तुझं तोंड आपटलं, पुन्हा आपटलं, आणि तिसऱ्यांदा तुझ्या हाताला आकडा लागला. एवढी माणसं उभी होती. एकानेही त्याचा हात धरला नाही. तो खाली पडल्यावर मात्र चौघांनी तुला धरलं.

मला धक्का बसला नाही, हे मी कबूल करते. त्याआधीच्या जानेवारीत त्याने गाडीच्या दारात तुझी दोन बोटं चिरडली होती. ती मीच बांधली. तुझ्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे वळ होते, चौकोनी, एका ओळीत. त्यांनाही मीच मलम लावलं. आणि मग मीच म्हणाले, “घरी जा, फ्लोरीन. बाळ रडत असेल.” आई म्हणाली, “सगळे पुरुष हंगामात तापट होतात.” फादर म्हणाले, आपला क्रूस आपणच उचलायचा. रविवारी तो चर्चमध्ये गायला उभा राहिला, तो सुंदर आवाज, आणि आम्ही सगळ्या बायका डोळे पुसत होतो.

डॉक्टर हॅलोवेलनी भोकं धुतली आणि शिवून टाकली. आजचा कुणी डॉक्टर शिवणार नाही. शेतातली माती खोल गेलेली, ती आत कोंडली गेली. पण तेव्हा त्यांनी शिवली, पेनिसिलिन दिलं आणि तेही घरच्या बटाट्याला गेले.

तो फारसा बोलला नाही. गुरुवारी जखम बरी दिसली. शुक्रवारी दुपारी मी पट्टी बदलली. दोन थेंब टाकलेलं फडकं माझ्या तोंडावर होतं, त्यामुळे मला वास आला नाही. नोंदवहीत मी ‘स्वच्छ, कोरडी’ लिहिलं. शनिवारी सकाळी डॉक्टर आले तेव्हा पाय मांडीपर्यंत काळवंडला होता. संध्याकाळी तो गेला. माती लागलेल्या जखमेत जे होतं तेच झालं. मांस जिवंतपणी सडतं आणि आत हवा धरते.

कोर्टात मी हेच सांगितलं आणि मिस विन्सलोंनाही हेच लिहून देईन. तुला सात वर्षं तुरुंगात काढावी लागली याचं मला किती दुःख आहे, ते लिहायला शब्द नाहीत.

तुझी बहीण
लेओना


सेंट-अडेल
६ एप्रिल

फ्लोरीन,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. ‘तू डोळे मिटून पिंपातला सडका बटाटा काढायचीस.’

तीन दिवस ते टेबलावर आहे. मी त्याच्या बाजूला ताट ठेवून जेवते.

हो, काढायची. डिसेंबरात बाबा आपल्याला कोठारात उतरवायचे, अर्धं जमिनीत गाडलेलं ते थंड कोठार, कंदील एक आणि पिंपं शंभर. एक सडका राहिला की महिन्याभरात सगळं पिंप खीर. तू हाताने चाचपायचीस, मी नुसतं तोंड आत घालायची आणि सांगायची, खालून तिसऱ्या थरात, भिंतीकडच्या बाजूला. बाबा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. “हिला कुत्र्याच्या बदली ठेवली आहे,” असं म्हणायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता.

कोर्टात कुणालाच हे माहीत नव्हतं. ज्यूरीत सगळे दक्षिणेकडचे होते. फक्त तुला माहीत होतं. मी शपथ घेऊन ‘वास आला नाही’ म्हणाले तेव्हा तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या डोळ्याखाली पिंपाच्या कडेचा व्रण अजून होता. मला वाटलं, आता तू ओरडशील. तू गप्प बसलीस. ते मला आजवर कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहिली. राहिली नाही, मी गाळली. सिस्टर क्लेमांसचा एक नियम सगळ्या युक्त्यांच्या आधी यायचा: रोग्याजवळ पहिल्यांदा उघड्या नाकानेच जायचं. “नाक तुझ्या आधी खोलीत शिरतं. त्याला गप्प करण्याआधी विचार, काय बघितलंस?” हिरव्या पुवाचा वास गोडसर येतो, शिळ्या द्राक्षांसारखा. पोटात रक्त फुटलं की विष्ठेला गंजलेल्या लोखंडाचा वास लागतो. साखर वाढलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या सफरचंदांचा. हे सगळं आधी हुंगायचं, नोंदवायचं, मगच तेलाची बाटली काढायची. मी सात वर्षांत एकदाही हा नियम मोडला नव्हता. त्या शुक्रवारीही नाही.

काल मिस विन्सलोंचा फोन आला. त्यांनी माझा मसुदा वाचला होता. म्हणाल्या, “तुम्ही छान लिहिता हो. पण खरं सांगू का? यानं आपलं काम होणार नाही. नर्सकडून चूक झाली, डॉक्टरकडून चूक झाली, तरी कायदा म्हणतो की जखम जिने केली तीच जबाबदार. चुका गृहीतच धरलेल्या असतात.”

मी विचारलं, “आणि चूक नसली तर?”

“म्हणजे?”

“कुणी मुद्दाम काही केलं असलं तर?”

त्यांनी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “मग गोष्टच वेगळी. मग तो मृत्यू तुमच्या बहिणीच्या नावावर राहत नाही. पण मिस मिशो, असं काही सांगायच्या आधी तुम्ही स्वतःचा वकील करा. अशा गोष्टीला मुदत नसते, चाळीस वर्षांनीही खटला भरता येतो.”

मी फोन ठेवला आणि जिना पुसत बसले. स्वच्छच होता.

लेओना


सेंट-अडेल
१९ एप्रिल, गुड फ्रायडे

फ्लोरीन,

तीन वाजताच्या प्रार्थनेला मी गेले नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

मी लिहिलं होतं, तो फारसा बोलला नाही. बोलला.

गुरुवारी रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, मी त्याला भरवत असताना. ताप थोडा होता, शुद्ध पूर्ण होती. तो म्हणाला, “लेओना, तुझ्या बहिणीला सांग, मी केस मागे घेतो. तिला घरी येऊ दे.” माझा चमचा थांबला. मला खरंच वाटलं की देवाने ऐकलं. मग तो हसला. म्हणाला, “नोव्हेंबरात कोठार भरतं. मागच्या भिंतीकडे टाकीन तिला, पिंपांच्या मागे. वसंतापर्यंत कुणाला कळायचं नाही. आणि वास आलाच तर काय, बटाटे सडलेत म्हणेन. तुला बोलावीन हुंगायला.”

असं म्हणून त्याने तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी. आणि मी तो भरवला.

शुक्रवारी सकाळी पोप वारल्याची बातमी आली. नवेच होते, महिनाभरापूर्वी निवडलेले. सगळ्या सिस्टर चॅपेलमध्ये गेल्या, सिस्टर क्लेमांससुद्धा. दिवसभर वरून रडण्याचा आणि जपमाळेचा आवाज येत होता. खाली मी आणि नऊ रोगी.

दुपारी दोन वाजता मी त्याच्या पलंगाशी गेले. तोंडावर फडकं नव्हतं. पट्टीला हातही लावला नव्हता. आणि माझं नाक आधी आत शिरलं.

गोड. मेलेला उंदीर साखरेत पुरावा तसा वास. फार हलका, दुसऱ्या कुणाला आलाच नसता. पिंपाच्या तळाचा एकच बटाटा. मी पट्टी सोडली. टाके ताणले होते, कडा तांबूस-तपकिरी. मी बोटाने दाबलं आणि कातडीखाली बर्फावर पाय पडावा तसं बारीक करकरलं. हवा होती आत. मला पुस्तकातलं गॅस गँगरीनचं पान आठवलं, पानाचा क्रमांकसुद्धा. डॉक्टर चार मैलांवर शेतात होते. दारात फोन होता.

तो म्हणाला, “दुखतंय गं. फार दुखतंय. बघ ना काय झालंय.”

मी खिशातून बाटली काढली. फडक्याला दोन थेंब लावले आणि तोंडावर बांधलं. पट्टी परत गुंडाळली, नवी, घट्ट. म्हणाले, “काही नाही झालं, रेआल. बरं होताना दुखतं.” वहीत लिहिलं, ‘स्वच्छ, कोरडी.’ तेलाने डोळ्यांत पाणी येत होतं. ते तेलाचंच होतं.

मग मी वाट पाहिली. चार वाजता त्याला कळा आल्या, मी डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं मॉर्फिन दिलं. सहा वाजता एक सिस्टर खाली येऊन विचारून गेली, मी म्हणाले, झोपलाय. आठ वाजता दुसऱ्या पाळीची बाई आली नाही, तिचं पोर आजारी होतं, मी म्हणाले, मीच थांबते. मला कुणी थांबवलं नव्हतं, फ्लोरीन. मी थांबले. पुन्हा मॉर्फिन दिलं. पहाटे तो आईला हाका मारत होता. मांडी पिंपासारखी फुगली होती, त्यावर काळे फोड आले होते आणि ते फुटत होते. वास आता कुणालाही आला असता. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा रडत म्हणाला, “पोरी, काहीतरी मेलंय इथं.” मी त्याच्या पलंगाखाली कॉफीचा चोथा ठेवला.

सकाळी आठ वाजता डॉक्टर आले. दारातच त्यांनी नाकाला हात लावला. त्यांनी करवत मागितली. मी पाय धरला होता. भूल पुरी चढली नव्हती. तो ओरडला तो आवाज चॅपेलपर्यंत गेला आणि वरची प्रार्थना थांबली. कापलेला पाय मी बादलीत घालून भट्टीपर्यंत नेला. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी तो गेला. डॉक्टर हात धूत म्हणाले, “काल दुपारी कळतं तर पाय जाता, माणूस राहता.” आणि मी म्हणाले, “मला वास आला नाही, डॉक्टर. दोन थेंब टाकले होते.”

ते वाक्य इतकं सोपं होतं. पुढच्या मार्चमध्ये कोर्टात मी तेच म्हणाले. मला वाटलं होतं, ज्यूरी तुझे व्रण बघतील आणि तुला सोडतील, आणि मग कुणालाच काही सांगायची गरज पडणार नाही. त्यांनी तुला दहा वर्षं दिली. मी उठून उभी राहू शकले असते. मी बाकावर बसून होते, आईचा हात धरून.

सिस्टर क्लेमांसना माहीत होतं. त्यांनी वही पाहिली होती, आणि मला त्या ओळखत होत्या. शेवटपर्यंत त्यांनी मला पुन्हा कधी ‘आज तिघांना पाठवलंस’ म्हटलं नाही.

मी हे तुझ्यासाठी केलं असं लिहावं, असं फार वाटतं. तो तुला मारणार होता, हे खरं. पण मी चमचा भरवला तेव्हा माझ्या मनात तू नव्हतीस. तो मला हुंगायला बोलावणार होता, तेवढंच माझ्या डोक्यात घणासारखं चाललं होतं. तुझ्या नावावर हे मी नंतर टाकलं.

सोमवारी मी वकील न करता जबानी देणार आहे. मिस विन्सलोंना कळवलं आहे. त्या फोनवर रडल्या. तरुण आहेत.

लेओ


ऑगस्टा, मोटेल
१७ मे, सकाळ

फ्लोरीन,

तू काल माझ्या मागच्या खुर्चीत होतीस, म्हणून तुला माझा चेहरा दिसला नाही. मलाही तुझा नाही. तुझ्या श्वासाचा आवाज मात्र येत होता. लहानपणी रागावलीस की असाच यायचा.

मंडळातल्या कानयंत्र लावलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, “बाई, तो मरावा असं तुम्हाला वाटत होतं का?” मिस विन्सलोंनी मला आधी बजावलं होतं, ‘आता आठवत नाही’ म्हणा. चाळीस वर्षांनी कुणालाही पटेल.

मी म्हणाले, “हो.”

“नक्की?”

“नक्की. मी घड्याळ बघत होते.”

त्यांनी चष्मा काढला. कोपऱ्यात सरकारी वकिलांचा माणूस बसला होता, त्याने लिहिणं थांबवलं आणि मग जास्तच भराभर लिहायला लागला. बाहेर त्याने मला अगदी सभ्यपणे सांगितलं की राज्य सोडून जाऊ नका. मी म्हणाले, अडुसष्ट वर्षांत एकदाही गेले नाही.

मग तू आलीस. पाण्याच्या नळाजवळ. मला वाटलं, तू काही बोलशील, तर तू थोबाडीत मारलीस. बुटांच्या कारखान्यातली वीस-बावीस वर्षं त्या हातात होती, फ्लोरीन. माझं डोकं भिंतीवर आपटलं, ओठ फुटला आणि खोटा दात, तेओद्यूलने तोडलेल्याच्या जागचा, फरशीवर पडला. मिस विन्सलो किंचाळल्या. तू पुन्हा हात उचललास. मी हलले नाही. हात तिथेच राहिला.

“सात वर्षं,” तू म्हणालीस. “सात वर्षं मी दर रात्री त्याला मारत होते, लेओ. आकडा घालायचे, तो मरायचा, सकाळी उठायचे. बाहेर आल्यावरही. मरीसच्या लग्नातही. आणि तू इथं बसून सुपं ढवळत होतीस.”

मी हो म्हणाले.

“मला वाटायचं तू घाबरून खोटं बोललीस. हॉस्पिटलला वाचवायला. तेवढंच. हे नव्हतं वाटलं.” आणि मग तू भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंस. “साडेतीनला जोसीची गुरुवारची भेट आहे. बँगरची बस गेली. गाडी आहे ना तुझ्याकडे?”

“आहे.”

“मग काढ. बघत काय बसलीस?”

पंचाहत्तर मैल मी गाडी चालवली. मी दात रुमालात बांधून ठेवला होता. तू एकदाच म्हणालीस, “ट्रकच्या मागे किती वेळ राहणार आहेस?” आणि मी गाडी पुढे घातली.

जोसीचं कपाळ अगदी तुझं आहे. तू जमिनीवर बसून तिची वेणी घालत होतीस. ती मला म्हणाली, “तू कोण गं? तुझा दात कुठाय?” मी म्हणाले, “खिशात.” तिने दाखव म्हटलं, मी दाखवला, आणि ती इतकी हसली की भेटीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या मिसेस पोमरॉय वही घेऊन बाहेर आल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाल तोवर चांगलाच निळा झाला होता. “काय हो, हे काय लागलं?” असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. तुझे हात जोसीच्या केसांत थांबले. मी ते बघितलं. त्याच दिवशी सकाळी मी बायबलवर हात ठेवून आले होते, फ्लोरीन.

“गाडीच्या दाराला आपटले,” मी म्हणाले. “वय झालं. खाली वाकले आणि दारच आलं तोंडावर.”

“अगंबाई, बर्फ लावा,” मिसेस पोमरॉय म्हणाल्या आणि टोपण लावलं.

तू वेणी पूर्ण केलीस, रबर दोनदा फिरवलंस. बाहेर गाडीपाशी आलो तेव्हा म्हणालीस, “अजून तशीच सराईत आहेस हं खोटं बोलण्यात.”

“हो.”

“बरं झालं,” तू म्हणालीस आणि गाडीत बसलीस.

मंडळाचा निकाल सहा आठवड्यांनी आहे. मिस विन्सलो म्हणतात, आशा आहे, चांगली आहे. माझं काय होईल ते त्यांना सांगता येत नाही. सहा आठवड्यांत सहा गुरुवार येतात आणि लुइस्टनहून बँगरला बसने तुला पावणेतीन तास लागतात, दोनदा बदलून. पुढच्या गुरुवारी एक वाजता मी तुझ्या इमारतीखाली असेन, त्याआधी त्यांनी मला नेलं नाही तर. पहाटे निघाले की पोहोचते. हॉर्न वाजवणार नाही. यायचं नसेल तर खिडकीशीही येऊ नकोस. वीस मिनिटं थांबेन आणि जाईन.

वीस मिनिटांनंतरही थांबेन, बहुतेक.

लेओ